सेलम

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील, बॉस्टनच्या ईशान्येस सु. २५ किमी. अंतरावरील ऐतिहासिक बंदर. स्थापना १६२६. १६९२ च्या चेटूक खटल्यांनी ते जगभर कुप्रसिद्ध झाले. त्यांत १९ निरपराध माणसांना फाशी झाली. त्यांच्या फाशीची जागा म्हणून ‘प्रॉक्टर्स लेज’ २०१६ मध्ये निश्चित झाली व पुढच्या वर्षी तेथे स्मारक उभे राहिले. पर्यटकांची रीघ मात्र चेटकिणींच्या दुकानांकडेच असते, ही खेदाची गोष्ट आहे.

शहराचा खरा वैभवकाळ सागरी व्यापाराचा. स्वातंत्र्ययुद्धानंतर येथील जहाजे सुमात्राची मिरी, तसेच मुंबई व कलकत्त्याचा माल आणू लागली. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’चे सभासदत्व केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडलेले कप्तान व व्यापारी प्रतिनिधी यांनाच मिळे. त्यांनी दूरदेशांहून आणलेल्या वस्तूंतून आजचे पीबॉडी एसेक्स संग्रहालय घडले. अमेरिकी व्यापाऱ्यांचे मुंबईतील पारशी अडते नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे व्यक्तिचित्र तेथे आहे. आधुनिक भारतीय चित्रांचा मोठा संग्रहही आहे. सेलमला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने ही दालने चुकवू नयेत.

नौकानयनशास्त्रज्ञ नॅथॅनियल बाउडिच (१७७३–१८३८) व कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न (१८०४–६४) यांचे हे जन्मगाव. हॉथॉर्न यांनी नोकरी केलेली १८१९ ची जकात कचेरी धक्क्यासमोर अद्याप उभी आहे.