टेस्टोस्टेरॉन: जेल की इंजेक्शन? दीडशे वर्षांच्या शोधाची गोष्ट

"डॉक्टर, जेल लावू की इंजेक्शन घेऊ?" टेस्टोस्टेरॉन कमी निघालेले रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. दोन्हींत औषध एकच असतं. फरक आहे तो ते रक्तात कसं पोहोचतं याचा. तो समजायला या औषधाचा इतिहास उपयोगी पडतो.

गोऱ्हा खच्ची केला की तो शांत होतो, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. असं का होतं, हे मात्र १८४९मध्ये जर्मनीतल्या बर्थोल्ड यांनी कोंबड्यांवर प्रयोग करून दाखवलं. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा आक्रसला. तेच वृषण त्याच्या पोटात दुसरीकडे बसवलं, तर तुरा टिकला, आरवणं आणि भांडणंही. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात मिसळतं आणि सगळ्या शरीरावर काम करतं.

पुढे १८८९मध्ये ब्राऊन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत डॉक्टरांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झाल्यासारखं वाटतंय, असं जाहीर केलं. पण तो अर्क पाण्यातला होता आणि हे संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यांना जाणवलेली ताकद बहुधा मनाची होती. "शक्तीचं इंजेक्शन घेतलं आणि बरं वाटलं" असं कोणी सांगितलं, की ही गोष्ट आठवा.

शुद्ध टेस्टोस्टेरॉन १९३५मध्ये ॲमस्टरडॅमला बैलाच्या वृषणांतून वेगळं केलं गेलं. त्याच वर्षी बुटेनान्ट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. १९३९चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

मग नवी अडचण आली. टेस्टोस्टेरॉन गिळलं, तर रक्तात पोहोचण्याआधीच यकृत त्याचा बराचसा भाग मोडून टाकतं. म्हणून त्याला आम्लाची साखळी जोडून ते तेलात विरघळवलं. स्नायूत टोचलेल्या तेलातून ते हळूहळू सुटतं. सुरुवातीचं प्रोपियोनेट दर दोन-तीन दिवसांनी टोचावं लागे. १९५०च्या दशकात आलेलं एनान्थेट दोन-तीन आठवडे पुरू लागलं. पण त्यात चढउतार होतो: पहिले काही दिवस पातळी जास्त, शेवटी उत्साह आणि इच्छा दोन्ही ओसरलेल्या. नंतर आलेल्या अनडेकॅनोएटचं १००० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, सुरुवातीचे डोस झाल्यावर, १० ते १४ आठवडे चालतं आणि त्यात चढउतार कमी असतो.

अमेरिकेत २०००मध्ये जेलला मान्यता मिळाली. एक टक्क्याच्या ५ ग्रॅम जेलमध्ये ५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन असतं आणि त्यातलं साधारण दहावा भाग त्वचेतून आत जातं. म्हणजे ५ मिलिग्रॅम, जवळपास निरोगी शरीर दिवसभरात बनवतं तेवढंच. पातळी समान राहते आणि त्रास झालाच तर लगेच थांबवता येतं.

पण जेल दुसऱ्याच्या अंगालाही लागतं. मुलांमध्ये वयाआधीच तारुण्याची लक्षणं दिसल्याच्या नोंदींमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९मध्ये जेलवर ठळक इशारा छापायला लावला. घरात लहान मूल कुशीत झोपत असेल किंवा पत्नी गरोदर असेल, तर हा मुद्दा सर्वांत आधी बघा. जेल खांद्यावर किंवा दंडावर लावा, पूर्ण वाळू द्या, ती जागा कपड्याने झाका आणि हात साबणाने धुवा. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून वाळेपर्यंत विडी-सिगारेट आणि चुलीपासून लांब राहा. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात दोनदा अंघोळ होतेच, तेव्हा जेल लावल्यावर किती तास पाणी टाळायचं हे विचारून घ्या.

रोज लावायचं लक्षात राहत नसेल किंवा घरात लहान मुलं असतील, तर इंजेक्शन सोयीचं. जुन्या इंजेक्शनांचा खर्चही सहसा कमी. पण त्यांनी रक्त घट्ट होण्याचा धोका जेलपेक्षा जास्त असतो. म्हणून हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट आणि वयानुसार पीएसए ही तपासणी ठरल्या वेळी करायचीच.

आता सर्वांत महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम एनान्थेट दिलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचे शुक्राणू शून्यावर गेले. तो अभ्यास गर्भनिरोधनाचाच होता! बाहेरून संप्रेरक मिळालं, की मेंदू वृषणांना हुकूम देणं थांबवतो. मूल हवं म्हणून "ताकद" वाढवायला कोणी हे घेत असेल, तर तो नेमकं उलट करतोय. औषध थांबवल्यावर शुक्राणू बहुधा परत येतात, पण त्याला महिने लागतात, कधी त्याहून जास्त.

म्हणून जेल की इंजेक्शन, याआधी दोन प्रश्न विचारा. दोन वेगवेगळ्या सकाळी केलेल्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन खरंच कमी आलंय का? आणि तुम्हाला अजून मूल हवंय का? हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत, संकोच न करता सांगा. त्यासाठीचे उपचार वेगळे आहेत.