अंगात दडलेल्या विषाणूमुळे मोठेपणी फिट येऊ शकते का?

काही वेळा येऊ शकते. तापानंतर ओठांवर फोड आणणारा हर्पीस विषाणू एकदा शिरला की शरीर सोडत नाही; चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत तो दडून राहतो. क्वचित मेंदूत पोहोचला, तर कानशिलाकडचा भाग सुजतो. त्या मेंदूज्वरातून वाचलेल्या काहींना पुढे अपस्मार जडतो.

दुसरा संशयित म्हणजे एचएचव्ही-६. बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो. औषधांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या, शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या भागात तो सापडला आहे. पण निरोगी मेंदूतही तो आढळतो. त्यामुळे दोष सिद्ध झालेला नाही.

भारतात मोठेपणी पहिल्यांदा फिट येण्यामागे फीतकृमीच्या अळ्या किंवा क्षयाच्या गाठी हीसुद्धा कारणे असतात. म्हणून मेंदूचा स्कॅन टाळू नका.

कात्रप असो वा मुंबई, ताप, असंबद्ध बोलणे आणि फिट एकत्र दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा. हर्पीसवरचे असायक्लोविर शिरेतून जितके लवकर सुरू होईल तितके बरे. फिट आलेल्याला कुशीवर वळवा. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. फिट ५ मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करा.