पस्तीस दिवसांचे राष्ट्रपती

जळगावात राष्ट्रपती म्हटलं की एकच नाव निघतं, प्रतिभाताई पाटील. जळगावच्या कोर्टात वकिली केलेल्या ताई 2007 मध्ये राष्ट्रपती भवनात गेल्या, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान. पण शेजारच्या मुलखातला आणखी एक वकील त्याच खुर्चीत बसून गेला होता, हे मला इंजिनीअरिंग संपून नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. मोहम्मद हिदायतुल्ला. पहिल्या खेपेचा मुक्काम 35 दिवसांचा.

शेजार म्हणजे अगदी शेजार. भुसावळहून नागपूरकडे गाडी निघाली की थोड्याच वेळात मलकापूर येतं. इंग्रजांच्या काळात तेवढ्यात प्रांत बदलायचा. जळगाव-धुळ्याचं अपील मुंबई हायकोर्टात जायचं, तर मलकापूरचं नागपूरला. हिदायतुल्ला त्या नागपूरच्या कोर्टातले. जन्म 1905 चा. शिक्षण नागपूरचं मॉरिस कॉलेज, मग केंब्रिज. 1930 पासून नागपुरात वकिली, 1935 ते 1943 तिथल्याच लॉ कॉलेजात शिकवणं, आणि 1954 मध्ये नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि ते मध्य प्रदेशचे मुख्य न्यायाधीश होऊन जबलपूरला गेले. 1958 मध्ये सुप्रीम कोर्ट, 1968 मध्ये सरन्यायाधीश.

आता 1969. राष्ट्रपती झाकीर हुसेन 3 मे रोजी पदावर असतानाच वारले. अशा वेळी उपराष्ट्रपतींनी काम बघायचं, हे राज्यघटनेत लिहिलेलं. त्याप्रमाणे व्ही. व्ही. गिरी आले. पण तेही गेले तर? आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला बॅकअपचा बॅकअप म्हणतो, तो घटनेत तयार नव्हता. तशी तरतूद करायचा अधिकार तेवढा संसदेला दिलेला होता. त्याच महिन्यात संसदेनं कायदा केला: दोन्ही पदं रिकामी असतील तर सरन्यायाधीश राष्ट्रपतींचं काम बघतील. दोनच महिन्यांत तो वापरावा लागला. गिरींना स्वतःच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. 20 जुलैला त्यांनी राजीनामा दिला आणि हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. माणूस चंद्रावर उतरला तो हाच दिवस.

हंगामी म्हणजे नुसतं खुर्ची सांभाळणं, असं आपल्याला वाटतं. पण ते दिवस साधे नव्हते. काँग्रेस फुटायच्या बेतात होती. महिनाअखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले, त्यांचं स्वागत यांनी केलं. आणि 9 ऑगस्टला 14 बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर यांची सही झाली.

ही सही मला जवळची वाटते. आमच्या घरी आजोबा शेवटपर्यंत 'सरकारी बँक' असंच म्हणायचे, आणि त्या शब्दात त्यांचा केवढा तरी विश्वास असायचा. त्यामागे एका नागपूरच्या वकिलाची सही आहे, हे त्यांनाही माहीत नसावं.

24 ऑगस्टला निवडून आलेले गिरी राष्ट्रपती झाले आणि हिदायतुल्ला परत कोर्टात आले. खरा पेच आता होता. बँकांचे एक भागधारक, रुस्तम कूपर, यांनी त्याच कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं होतं. खटल्यासाठी 11 न्यायाधीशांचं खंडपीठ बसलं. त्यात सरन्यायाधीश नव्हते. ज्या कायद्यावर आपली सही, त्याचा निवाडा आपण कसा करणार? न्या. जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या खंडपीठानं 10 फेब्रुवारी 1970 रोजी, दहा विरुद्ध एक मतानं, तो कायदा रद्द केला. चारच दिवसांत सरकारनं नवा वटहुकूम आणून बँका पुन्हा ताब्यात घेतल्या.

म्हणजे या माणसानं राष्ट्रपती म्हणून मान्य केलेला कायदा त्याच्याच कोर्टानं मोडला, आणि तो बाजूला बसून राहिला. राष्ट्रपती म्हणून मंत्रिमंडळाचा सल्ला मानायचा, न्यायाधीश म्हणून कुणाचाच नाही. दोन खुर्च्यांचे दोन नियम, आणि त्यांनी ते एकमेकांत मिसळू दिले नाहीत. म्हणून काही ते सरकारच्या बाजूचे झाले नव्हते. डिसेंबर 1970 मध्ये माजी संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश सुप्रीम कोर्टानं रद्द ठरवला. त्या खंडपीठावर मात्र हिदायतुल्ला होते, रद्द ठरवणाऱ्यांच्या बाजूनं. दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले.

पुढे 1979 मध्ये ते उपराष्ट्रपती झाले. 1982 च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती झैलसिंग हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांची जागा पुन्हा यांनीच सांभाळली. झैलसिंग परत आले, आणि हिदायतुल्ला मुकाट्यानं आपल्या जागी गेले. हंगामी माणसाची परीक्षा मला खुर्चीत बसताना दिसत नाही. ती उठताना होते.