परवाना कोठें आहे?

पोलीस म्हटला म्हणजे चोरापासून घराचें रक्षण करणारा शिपाई, अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेच्या दक्षिण भागांत मात्र रात्रीची गस्त निराळ्याच कारणानें जन्मास आली. तेथें जी मालमत्ता राखावयाची होती तिला हातपाय होते, व तिला पळून जातां येत होतें.

इ. स. १७०४ मध्यें साऊथ कॅरोलिना वसाहतीनें गुलामांवर गस्त घालण्याचा कायदा केला. गोऱ्या स्वारांच्या टोळ्या मळ्यामळ्यांतून फिरत, झोपड्यांची झडती घेत, आणि वाटेंत भेटलेल्या काळ्या माणसास एकच प्रश्न करीत : ‘परवाना कोठें आहे?’ मालकाची चिठ्ठी जवळ नसली तर १७४० च्या कायद्यानें वीसपर्यंत फटके मारण्याची मुभा होती. काळा मनुष्य हा गुलामच, असें तो कायदा धरून चाले. आपण स्वतंत्र आहों हें सिद्ध करण्याचा भार त्या माणसाच्याच शिरावर.

न्यूयॉर्क-बोस्टनच्या पोलीसदलांवर लंडनच्या १८२९ च्या नमुन्याची छाप होती; तेव्हां अमेरिकेचा अवघा पोलीस गस्तवाल्यांचा वंशज आहे असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु १८५० च्या फरारी गुलामांच्या कायद्यानें उत्तरेसही त्या गस्तींत ओढलें. पकडलेला इसम मालकाच्या हवालीं केल्यास निवाडा करणाऱ्या कमिशनरास दहा डॉलर, सोडून दिल्यास पांच! न्यायाच्या तराजूंत इतकें उघड वजन क्वचितच टाकलें गेलें असेल.

१८६५ मध्यें तेराव्या घटनादुरुस्तीनें गुलामगिरी संपली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून वेठ मात्र तिनेंच शिल्लक ठेविली. दक्षिणेच्या लक्षांत ती फट तत्काळ आली. त्याच सालीं मिसिसिपी राज्यानें ठरविलें कीं, कामधंदा नसलेला मुक्त गुलाम उनाड समजावा, त्यास पन्नास डॉलरपर्यंत दंड करावा, आणि पांच दिवसांत तो न भरल्यास, जो कोणी दंड भरील त्याच्याकडे शेरीफानें त्यास राबावयास द्यावें. चिठ्ठी मागणारा बदलला. चिठ्ठी सुटली नाहीं. कैदी खाणींना भाड्यानें देण्याची चाल अलाबामांत १९२८ पर्यंत टिकली. गुलामासाठीं मालकानें रोख किंमत मोजलेली असे. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. ती कृतज्ञता यथार्थच होती. पण त्याच सुमारास दक्षिणेंत कैद्यांचा हा बाजार भरूं लागला होता.

उनाडपणाचा असाच एक मोघम नियम, फ्लोरिडांतील जॅक्सनव्हिल शहराचा, सुप्रीम कोर्टानें १९७२ मध्यें रद्द केला. तरी २०१४ मध्यें मिसूरींतील फर्ग्युसन या लहान शहरीं एक निःशस्त्र काळा तरुण पोलिसाच्या गोळीनें मेला, आणि मध्यवर्ती सरकारच्या न्यायखात्यानें तेथील दप्तर तपासलें. २०१५ च्या अहवालाप्रमाणें वस्तींत काळे लोक शेंकडा ६७ होते, अटक झालेल्यांत शेंकडा ९३. दंड वसूल करून नगरपालिकेची तिजोरी भरावी, असा पोलिसांमागें तगादा होता. रस्त्यावरून ‘चालण्याची रीत’ हाही तेथें एक गुन्हा होता. २०११ ते २०१३ या काळांत त्याखालीं भरलेल्या खटल्यांत शेंकडा ९५ आरोप काळ्या लोकांवर होते.