आठ आण्यांची विकेट ते पावणेपंचवीस कोटींचा बॉलर

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटचं बोलणं आपल्या पोरांबद्दल आहे.

मध्यंतरी शनिवारच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांकडे उभा होतो. दोन व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबत होते. सौदा चालला होता, पण आकडा कुणाला कळत नव्हता. पलीकडे चार पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. "अमक्या बॉलरला मुंबई घेणार." "छे, ट्रेड फिसकटला." "बारा कोटी म्हणतोय तो." एक म्हातारबाबा हे सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, "बॉलर इकत्यात व्हय रं? मग त्येला इचारत्यात का न्हाय?"

पोरं हसली. मीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातनं जाईना.

आपल्या आटपाडीला मोठ्या आकड्यांचं अप्रूप नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये इथल्याच एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांना मागणी आली आणि मालकानं दीड कोटी सांगितले, ही बातमी देशभर गेली होती. त्या मेंढ्याला कुणी विचारलं नव्हतं, कारण ते मेंढरू होतं. माणसाचं काय? बॉलरला किंमत कोण लावतं, आणि 'नाही' म्हणायचा हक्क त्याला आहे का? याचा इतिहास शोधायला लागलो तर तो आपल्याच भागातून निघाला.

पहिला माणूस पाळवणकर बाळू. जन्म १८७६ चा, धारवाडचा. वाढला पुण्यात, चांभार समाजातल्या घरात. पोरवयात पारशांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडायला, रोलर फिरवायला लागला. पगार महिना ३ रुपये. पुढं गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, तिथं ४ रुपये. रोलर ओढायचा, जाळ्या बांधायच्या, टेनिसच्या रेघा मारायच्या. मधल्या वेळात साहेब लोकांना सरावाला बॉलिंग टाकायची. डावखुरा फिरकीवाला. त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा हॅम्पशायरचा तगडा बॅट्समन होता. तो इतरांच्या आधी येऊन बाळूची बॉलिंग खेळायचा आणि बाळूनं बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. हिशेब करा. ग्रेगला आठ वेळा बाद केलं की महिन्याचा पगार निघाला. हिंदुस्थानातला विकेटमागं पैसे घेणारा पहिला बॉलर म्हणून मी तरी बाळूचंच नाव घेईन.

पण त्याच बाळूच्या हातात त्या क्लबानं कधी बॅट दिली नाही. शेकडो तास बॉलिंग टाकून घेतली, बॅटिंग मात्र साहेबांची. म्हणजे त्याच्या हाताला किंमत होती, माणसाला नव्हती.

पुढं पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. मग वाद सुरू झाला, बाळूला घ्यायचा की नाही? घेतला. मैदानात त्यानं हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायचं ताट आणि टेबल वेगळं.

या कथेत आपला साताराही आहे. पुण्याचा संघ साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी खेळायला आला. बाळूची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर पिचवर रोलर फिरवून घेतला. बाळूनं तरीही सात गडी बाद केले आणि सामना खिशात घातला. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिचवर रोलर फिरवला, त्याला रोलरची काय भीती?

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूनं त्या दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. तरी हिंदू संघाची कप्तानी त्याला कधी मिळाली नाही. ती मिळाली १९२३ साली, त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला. बॉलर म्हणून बाळूला सगळ्यांनी मागणी घातली, पण त्याच्या अटी काय आहेत हे कुणी विचारलं नाही.

दुसरा माणूस तर आपल्या जिल्ह्याचाच. विजय हजारे, जन्म ११ मार्च १९१५, सांगली. शाळामास्तराचं पोर, घरात आठ भावंडं. आता त्यांच्या नावाची ट्रॉफी आहे म्हणून नव्या पोरांना नाव माहीत असतं, पण हा बॅट्समन मध्यमगती बॉलिंगही टाकायचा हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात हजाऱ्यांनी खुद्द ब्रॅडमनचा त्रिफळा दोनदा उडवला, सिडनीला आणि ॲडलेडला.

त्या काळात लिलाव नव्हता, संस्थानं होती. आपल्याकडे राजे जसे पैलवान पदरी ठेवायचे, खुराक-वेतन द्यायचे, तसे काही राजे क्रिकेटवाले ठेवायचे. देवासचे महाराज विक्रमसिंहराव पवार, हेच पुढं कोल्हापूरच्या गादीवर आले, त्यांनी हजाऱ्यांना आश्रय दिला आणि शिकवायला क्लॅरी ग्रिमेट हा ऑस्ट्रेलियाचा नामांकित लेगस्पिनर आणला. १९३९-४० च्या मोसमात हजाऱ्यांनी महाराष्ट्राकडून पुण्यात नाबाद ३१६ केल्या, त्या कुणाविरुद्ध? बडोद्याविरुद्ध. आणि दोनेक वर्षांत हजारे कुणाकडून खेळायला लागले? बडोद्याकडून! १९४७ च्या रणजी फायनलला होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमदबरोबर ५७७ ची भागी केली. तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला.

याला तुम्ही ट्रेड म्हणा, नाहीतर राजाश्रय म्हणा. हजाऱ्यांचं आयुष्य त्यानं सावरलं हे खरं. पण त्या व्यवहारात राजाची मर्जी हाच करार होता. मर्जी असेल तर सगळं, नसेल तर काही नाही.

तिसरा प्रसंग १९५२ चा. हजारे भारताचे कप्तान, दौरा इंग्लंडचा. विनू मंकडला, तेव्हाच्या आपल्या सगळ्यात मोठ्या अष्टपैलूला, लँकेशायरच्या हॅसलिंग्डन क्लबाकडून मोसमाचा करार आला. मंकडनं आपल्या निवड समितीला सरळ विचारलं, मला दौऱ्यात जागा नक्की आहे का? असेल तर करार सोडतो. समितीनं हमी दिली नाही. गड्यानं करारावर सही केली. पहिल्या कसोटीत लीड्सला दुसऱ्या डावात आपली अवस्था झाली ४ बाद ०! शून्यावर चार! मग बोर्डानं हॅसलिंग्डनकडे जाऊन मंकड मागून आणला. लॉर्ड्सवर त्यानं ७२ आणि १८४ केल्या, पहिल्या डावात ७३ षटकं टाकून पाच गडी बाद केले. सामना हरलो, पण ती कसोटी आजही मंकडच्याच नावानं ओळखतात.

मला यात १८४ पेक्षा ती सही मोठी वाटते. 'हमी द्या, नाहीतर मी माझी सोय बघतो,' असं एका खेळाडूनं मालकांना तोंडावर सांगितलं. ते पैशाचं वेड नव्हतं, घर चालवायची गोष्ट होती.

बाहेरच्या जगातही हेच झालं. अमेरिकेत बेसबॉल म्हणून खेळ आहे, त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. म्हणजे त्यांचा बॉलरच. तिथं नियम असा होता की करार संपला तरी खेळाडू क्लबाच्याच ताब्यात. क्लब त्याला ठेवणार, विकणार, बदलून घेणार. १९७५ च्या डिसेंबरात मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोघांनी लवादापुढं भांडून ते जोखड मोडलं. आणि गंमत बघा, दोघंही पिचर! त्यानंतर तिथले आकडे आभाळाला गेले. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी यामामोटो या जपानी पिचरशी १२ वर्षांचा, साडेबत्तीस कोटी डॉलरचा करार केला. तोवर त्यानं तिथल्या मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू फेकला नव्हता. पण तिथं दहा वर्षं खेळलेल्या आणि शेवटची सलग पाच वर्षं एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या मर्जीविरुद्ध दुसरीकडे धाडता येत नाही. हा हक्क लेखी आहे.

त्याच डिसेंबरात आपल्याकडे मिचेल स्टार्कला कोलकात्यानं २४ कोटी ७५ लाखांना घेतलं. पहिल्या दोन सामन्यांत १०० धावा दिल्या, विकेट शून्य. पोरांनी शिव्या घातल्या. फायनलला त्यानं १४ धावांत २ गडी घेऊन सामनावीराचा मान मिळवला, कोलकाता जिंकलं. पुढच्या लिलावात किंमत किती? दिल्लीनं घेतला ११ कोटी ७५ लाखांना. कप जिंकून दिला आणि भाव निम्म्याच्याही खाली. बोलीचा आकडा माणसाची लायकी सांगत नाही, त्या दिवशी समोरच्याला किती गरज होती तेवढंच सांगतो. बाजारात मेंढरं विकणाऱ्याला हे शिकवायला लागत नाही.

आता म्हातारबाबांच्या प्रश्नाचं उत्तर. आयपीएलमध्ये ट्रेड करायचा तर खेळाडूची संमती लागते. म्हणजे विचारतात. लिलावात मात्र तो फक्त नाव आणि मूळ किंमत देतो, पुढं कुणाच्या पदरात पडेल ते नशीब. आणि विकला गेल्यावर दुखापतीसारखं कारण नसताना माघार घेतली तर दोन वर्षं बंदी. २०२५ मध्ये इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर ती लागली. तरी त्याच्यामागं करार आहे, एजंट आहे, डॉक्टर आहे.

आता आपल्या घरात येऊ.

आपल्या तालुक्या-तालुक्यात आता टेनिस बॉलच्या प्रीमियर लीग होतात. हॉलमध्ये पडदा लावून पोरांचे फोटो दाखवतात, मालक पॉइंटची बोली लावतात, हातोडा पडतो, टाळ्या. चांगली गोष्ट आहे. गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली पोरं त्या निमित्तानं गावाकडे येतात, ओळखी होतात. मला हे बंद व्हायला नको आहे.

पण माझा भाचा अशाच एका स्पर्धेत सगळ्यात जास्त पॉइंटला गेला होता. त्या रात्री आम्ही पेढे वाटले. पॉइंटचे पैसे होत नाहीत हे त्याला माहीत होतं, उलट नावनोंदणीची फी त्यानंच भरली होती. महागाचा बॉलर म्हणून रविवारी एका दिवसात तीन सामने टाकले. तिसऱ्यात खांदा गेला. मिरजेला न्यावं लागलं, खर्च माझ्या बहिणीनं केला. मालक माणूस वाईट नव्हता, भेटायला आला, केळी घेऊन आला. पण द्यायचं काय आणि कुणी, हे आधी ठरलंच नव्हतं. पुढच्या वर्षीच्या यादीत पोराचं नाव नव्हतं. आता तो डाव्या हातानं चहाचा कप उचलतो.

दोष एकट्या कुणाचा नाही. आम्हीही पेढे वाटताना कागद विचारला नाही.

म्हणून आयोजकांना आणि मालकांना हात जोडून तीन गोष्टी सांगतो. एक, एका पोरानं एका दिवसात किती षटकं टाकायची याची मर्यादा घाला आणि ती पंचांना सांभाळायला सांगा. दोन, स्पर्धेच्या पैशातला थोडा भाग दुखापतीसाठी बाजूला काढा. वर्षाला २० रुपयांचा सरकारी अपघात विमा जरूर काढा, पण तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, खांद्याच्या उपचाराला त्याचा उपयोग नाही. तीन, बोलीआधी एक साधा कागद करा. किती सामने, दुखापत झाली तर कोण बघणार, आणि पोराला नको असेल तर त्यानं नाही कसं म्हणायचं. खाली दोघांच्या सह्या.

पोरांनो, तुम्हालाही सांगतो. कोण कुठल्या संघात जाणार याच्या अफवा खुशाल वाचा, मीही वाचतो. पण आपलं नाव पडद्यावर येईल तेव्हा आकडा बघायच्या आधी कागद मागा. मागायला लाजू नका. बाळूला मागायची सोय नव्हती, मंकडनं मागितली, आणि म्हणून आजच्या बॉलरला निदान विचारतात तरी.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका, आयोजकांपर्यंत पोचू दे. नाही पटलं तर खाली सांगा, बोलू.