नगरच्या दरबारातला पोर्तुगीज वैद्य

विज्ञान आणि ख्रिस्ती धर्म यांचा विषय निघाला की आपण वर्गात बहुधा एकच गोष्ट सांगतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे गॅलिलिओ म्हणाला आणि १६३३ मध्ये चर्चने त्याला शिक्षा केली. गोष्ट खरी आहे. पण तेवढ्यावरून मुलांची समजूत होते, की विज्ञान एका बाजूला, धर्म दुसऱ्या बाजूला आणि दोघांत कायमची लढाई. मग १५४३ मध्ये तोच विचार मांडणारा कोपर्निकस स्वतः चर्चचा पदाधिकारी होता आणि त्याने आपला ग्रंथ पोपला अर्पण केला होता, हे कसे समजावून सांगायचे?

यासाठी युरोपातच शोध घ्यायला हवा असे नाही. एक बोलके उदाहरण आपल्या अहमदनगरशी, म्हणजे आजच्या अहिल्यानगरशी, जोडलेले आहे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधले यहुदी. स्पेनने यहुद्यांना १४९२ मध्ये हाकलले आणि पोर्तुगालने १४९७ मध्ये त्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा कुटुंबांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत आणि त्यांच्याकडे कायम संशयाने पाहिले जाई. ओर्ता लिस्बनच्या विद्यापीठात शिकवत होता. तो इकडे आल्यावर दोनच वर्षांनी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले.

गोव्यात वैद्यकी करताना त्याचा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी स्नेह जडला. शहावर उपचार करायला तो नगरला जाई. शहाने आपल्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवली आणि आपण त्याला लॅटिन नावे शिकवली, असे ओर्ताने नोंदवले आहे. मुसलमान राजा, जन्माने यहुदी वंशाचा ख्रिस्ती वैद्य, भोवती युनानी हकीम आणि हिंदू वैद्य! औषधांच्या चर्चेला तिथे धर्म आडवा येत नव्हता.

या अनुभवातून त्याने भारतातील औषधी द्रव्यांवर ग्रंथ लिहिला. १५६३ मध्ये, म्हणजे गॅलिलिओच्या जन्माच्या आदल्या वर्षी, तो गोव्यात छापला गेला. ग्रंथ संवादरूप आहे. रुआनो हे काल्पनिक पात्र जुन्या ग्रंथांचे दाखले देते आणि ओर्ता स्वतः पाहिलेले सांगतो. युरोपात तेव्हा गेलन आणि डायोस्कोरिडीस या प्राचीन वैद्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. काळी मिरी आणि पिंपळी एकाच झाडाची, असे जुने ग्रंथ सांगत. ओर्ताने सांगितले, की या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. पटकीच्या रोगाचे त्याने केलेले वर्णन आजही वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचे मानतात. त्या रोगाचे त्याने दिलेले स्थानिक नाव म्हणजे आपला 'मोडशी' हाच शब्द. त्याच्या चुकाही झाल्या. काळी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, असे त्याला वाटे. खरे तर ती एकाच वेलीची फळे. साल काढली की पांढरी.

आता चर्चने काय केले ते पाहू. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले होते. जुन्या आचार्यांना खोडून काढणारा हा ग्रंथ तिथल्या इन्क्विझिटरच्या नजरेखालून गेला आणि तरीही छापला गेला. म्हणजे औषधी वनस्पतींविषयी नवे बोलायला हरकत नव्हती. पुढे १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि तो युरोपभर वाचला गेला.

१५६८ मध्ये ओर्ता वारला. त्यानंतर इन्क्विझिशनने त्याच्या नातेवाइकांना पकडले. १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळले. ओर्ता गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता, असा ठपका ठेवून १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून काढल्या आणि त्याही जाळल्या.

म्हणजे ग्रंथाला परवानगी मिळाली, ग्रंथकर्त्याला मात्र मेल्यावरही क्षमा नाही. ही विज्ञानाविरुद्धची लढाई नव्हती. माणसाने मनात काय मानावे यावर ताबा ठेवणारी ती सत्ता होती. पण म्हणून विज्ञानाचे काही बिघडले नाही असे आपण म्हणू शकत नाही. ज्याच्या घरच्यांच्या मागे न्यायालय लागते, त्याच्यासारखा दुसरा कोणी पुढे येऊन प्रश्न विचारायला धजेल का? आणि असा ताबा फक्त एकाच धर्माने ठेवला, असेही इतिहास सांगत नाही.

पुढच्या वेळी गॅलिलिओ शिकवताना वाण्याकडून काळी मिरी, पांढरी मिरी आणि लेंडी पिंपळी आणावी. तिन्ही मुलांच्या हातात द्यावीत. यांतली एका वेलीची कोणती आणि हे पुस्तकातून ठरवायचे की पाहून, एवढेच विचारावे. ओर्ताची गोष्ट त्यानंतर सांगावी.