मायामी शोबँड

आयर्लंडमधील एक लोकप्रिय फिरता नृत्यवाद्यवृंद. स्थापना डब्लिन येथे १९६२ मध्ये. ‘शोबँड’ ही संज्ञा आयर्लंडमध्ये १९५० नंतरच्या दशकात उदयास आलेल्या आणि सु. १९७५ पर्यंत भरभराटीस असलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या वाद्यवृंदास लावली जाते. मायामी शोबँड हा त्यांतील अग्रगण्य वाद्यवृंदांपैकी एक होय. ३१ जुलै १९७५ च्या पहाटे उत्तर आयर्लंडमध्ये त्याच्या तीन कलावंतांची हत्या झाली. त्यामुळे ह्या वाद्यवृंदाचा इतिहास केवळ मनोरंजनक्षेत्रापुरता न राहता विसाव्या शतकातील आयर्लंडच्या राजकीय व सामाजिक इतिहासाचाही भाग बनला आहे.

उदय व स्वरूप : दुसऱ्या महायुद्धानंतर आयर्लंडमधील नृत्यगृहांत बहुधा औपचारिक पोशाखातील वाद्यवृंद बसून, समोर स्वरलेखनाच्या घोड्या मांडून वादन करीत. टिरोन परगण्यातील स्ट्रबॅन ह्या सीमेवरील गावच्या ‘क्लिपर कार्लटन’ वाद्यवृंदाने ही प्रथा मोडली. त्याच्या वादकांनी खुर्च्या व घोड्या बाजूस सारल्या आणि ते उभे राहून, हालचाली करीत व नकलांची जोड देत कार्यक्रम करू लागले. वादनास प्रयोगाचे, म्हणजेच ‘शो’चे रूप मिळाल्यामुळे शोबँड हे नाव रूढ झाले. अशा वाद्यवृंदात साधारणतः सात-आठ वादक असत. गिटार, बेस गिटार, कळफलकवाद्य व ड्रम यांच्या जोडीला ट्रंपेट, ट्राँबोन व सॅक्सोफोन ही फुंकवाद्ये असत. त्यांची बहुतेक गाणी स्वतंत्र रचना नसत. अमेरिकन रॉक अँड रोल, ग्रामीण अमेरिकेतील ‘कंट्री’ गीते, डिक्सिलँड जॅझ व आयरिश लोकधुना हे सर्व एकाच रात्री ऐकविले जाई. परदेशी कलावंत ज्या गावांपर्यंत क्वचितच पोहोचत, तेथे त्यांची गाणी शोबँडच पोहोचवीत असत. वॉटरफर्डचा रॉयल, कॉर्कचा डिक्सीज आणि डब्लिनचा कॅपिटल हे अन्य विख्यात शोबँड होत. एप्रिल १९६२ मध्ये लिव्हरपूल येथील कार्यक्रमात रॉयल हा प्रमुख वाद्यवृंद होता व त्यास साहाय्यक म्हणून वादन करणारा स्थानिक चमू बीटल्स हा होता, यावरून तत्कालीन शोबँडांच्या प्रतिष्ठेची कल्पना येते.

नृत्यगृहे व अर्थव्यवहार : १९५० नंतरच्या दशकात आयर्लंड प्रजासत्ताकातून सु. चार लाख लोक रोजगारासाठी परदेशी गेले. ग्रामीण भाग ओस पडत असताना मागे राहिलेल्या तरुणांना एकत्र येण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे नृत्यगृह होते. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह अधिनियमानुसार नृत्यकार्यक्रमास न्यायालयाचा परवाना आवश्यक असे व धर्मगुरूंचेही त्यावर लक्ष असे. नृत्यगृहात मद्य मिळत नसे. चहा व शीतपेये यांवर भागवावे लागे. एका बाजूस पुरुष व समोरच्या बाजूस स्त्रिया उभ्या राहत आणि वाद्ये सुरू होताच पुरुष मधले अंतर ओलांडून नृत्यासाठी विचारणा करीत. अनेक विवाह अशा भेटींतून जुळले. १९४६ पासून राबविलेल्या ग्रामीण विद्युतीकरणाच्या कार्यक्रमामुळे गावोगावी वीज पोहोचली आणि ध्वनिवर्धकांवर अवलंबून असलेल्या नव्या वाद्यवृंदांना खेडीही खुली झाली. ठिकठिकाणी मोठी नृत्यगृहे उभी राहिली. पुढे आयर्लंडचे पंतप्रधान झालेले (१९९२–९४) ॲल्बर्ट रेनल्ड्स हे आपल्या बंधूंसह अशा नृत्यगृहांच्या मालिकेचे चालक होते. वाद्यवृंदास बहुधा तिकिटांच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा मिळे. त्यामुळे लोकप्रिय वाद्यवृंदांची प्राप्ती मोठी असे, परंतु त्यासाठी आठवड्यातील बहुतेक रात्री प्रवास करावा लागे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात नृत्यगृहे बंद राहत; त्या काळात शोबँड ब्रिटन व अमेरिकेतील स्थलांतरित आयरिश लोकांसाठी दौरे काढीत.

स्थापना व लोकप्रियता : डब्लिनमधील ‘डाउनबीट्स’ ह्या लहान वाद्यवृंदाची पुनर्रचना करून व्यवस्थापक टॉम डॉहर्टी यांनी १९६२ मध्ये मायामी शोबँडची स्थापना केली. डब्लिननजीकच्या पोर्टमार्नक येथील ‘पाम बीच’ नृत्यगृहाच्या नावावरून अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याची आठवण होऊन हे नाव सुचले, असे सांगितले जाते. डब्लिनच्या कॅब्रा भागातील डिकी रॉक (मृत्यू २०२४) हा त्याचा प्रमुख गायक. एल्व्हिस प्रेस्ली याने आधी गायिलेले ‘देअर्ज ऑल्वेज मी’ हे गीत रॉकच्या आवाजात १९६३ मध्ये आयर्लंडच्या विक्रीक्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचले. त्यानंतरही ह्या वाद्यवृंदाच्या अनेक ध्वनिमुद्रिकांना तो मान मिळाला. १९६५ मध्ये आयर्लंडने यूरोव्हिजन गीतस्पर्धेत प्रथमच भाग घेतला, तेव्हा कॅपिटल शोबँडचा गायक बुच मूर याने देशाचे प्रतिनिधित्व केले. पुढील वर्षी ‘कम बॅक टू स्टे’ ह्या गीताद्वारे डिकी रॉक याने चौथे स्थान मिळविले. दूरचित्रवाणी आयर्लंडमध्ये नवीन असल्यामुळे (आरंभ ३१ डिसेंबर १९६१) अशा कार्यक्रमांनी शोबँडचे गायक घरोघरी परिचित झाले.

१९६७ मध्ये काही वादकांनी बाहेर पडून ‘सँड्स’ हा स्वतंत्र शोबँड काढला आणि मायामीची नव्याने जुळणी करावी लागली. ह्या फेरबदलानंतर विक्लो परगण्यातील ब्रे गावचा फ्रॅन ओटूल हा वाद्यवृंदात आला. तो कळफलकवाद्य वाजवी, गाई व गीतरचनाही करी. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी रॉक स्वतंत्र गायनासाठी बाहेर पडला. पुढे ओटूल हा प्रमुख गायक झाला व वाद्यवृंदाचा कल अधिक आधुनिक पॉप व सोल संगीताकडे वळला.

सीमा व संप्रदाय : १९२१ मधील फाळणीमुळे आयर्लंड बेटाचे दोन भाग पडले. दक्षिणेतील स्वतंत्र राज्यात रोमन कॅथलिकांचे, तर ब्रिटनच्या आधिपत्याखालील उत्तर आयर्लंडमध्ये प्रॉटेस्टंटांचे बहुमत होते. शाळा, वस्त्या, खेळ व वृत्तपत्रे ह्या सर्वांत ही विभागणी प्रतिबिंबित झालेली होती. शोबँडांनी मात्र सीमा ही केवळ रस्त्यावरील एक चौकी मानली. एकच वाद्यवृंद एका रात्री दक्षिणेत व दुसऱ्या रात्री उत्तरेत वाजवी आणि दोन्ही समाजांतील तरुण त्याच्या कार्यक्रमास येत. वाद्यवृंदांतील सदस्यही बहुधा मिश्र असत. १९७५ च्या उन्हाळ्यात मायामीमध्ये सहा सदस्य होते. त्यांपैकी टिरोन परगण्यातील कॅलेडनचा ट्रंपेटवादक ब्रायन मकॉय व अँट्रिमचा ड्रमवादक रे मिलर हे उत्तरेतील प्रॉटेस्टंट, सॅक्सोफोनवादक देस ली हा बेलफास्टचा कॅथलिक, तर ओटूल, गिटारवादक टोनी गेरॅटी व नुकताच दाखल झालेला बेस गिटारवादक स्टीव्हन ट्रॅव्हर्स हे दक्षिणेतील होते. ह्या मिश्रणामागे कोणतीही राजकीय भूमिका नव्हती. वादनातील कौशल्य एवढाच निवडीचा निकष होता. उत्तर आयर्लंडमध्ये १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हिंसाचारास प्रारंभ झाल्यावरही शोबँडांचे दौरे चालू राहिले. वादकांना कोणी इजा करणार नाही, असा सार्वत्रिक समज होता.

३१ जुलै १९७५ ची घटना : ३० जुलै रोजी रात्री डाउन परगण्यातील बॅनब्रिज येथील कार्यक्रम आटोपून पाच कलावंत एका लहान मोटारगाडीतून डब्लिनकडे निघाले. मिलर हा आईवडिलांना भेटण्यासाठी अँट्रिमला गेल्यामुळे त्यांच्यात नव्हता. पहाटे अडीचच्या सुमारास न्यूरीच्या उत्तरेस बस्कहिल येथे लष्करी गणवेशातील लोकांनी गाडी थांबविली. अशी तपासणी नित्याची असल्याने कलावंतांना प्रारंभी संशय आला नाही. त्यांना रस्त्याच्या कडेला पाठमोरे उभे करण्यात आले. ही चौकी बनावट होती. ती ‘अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्स’ ह्या ब्रिटननिष्ठ निमलष्करी संघटनेने उभारली होती आणि तीवरील काही जण ब्रिटिश लष्करातील ‘अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट’चेही सैनिक होते. गाडीत गुपचूप बाँब ठेवावा, तो सीमेपलीकडे गेल्यावर फुटावा आणि कलावंतच स्फोटके वाहून नेत होते असा देखावा निर्माण व्हावा, असा त्यांचा डाव असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु बाँब ठेवतानाच त्याचा स्फोट होऊन तो ठेवणारे दोघे जागीच ठार झाले. उरलेल्यांनी कलावंतांवर गोळीबार केला. त्यात ओटूल, गेरॅटी व मकॉय हे तिघे मृत्युमुखी पडले. ट्रॅव्हर्स गंभीर जखमी झाला. स्फोटाने दूर फेकला गेलेला ली हा मुख्य रस्त्यावर येऊन मदत मिळवू शकला. मृतांत एक उत्तरेकडील प्रॉटेस्टंट व दोन दक्षिणेकडील कॅथलिक होते.

खटले व चौकशी : ह्या प्रकरणी तिघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांपैकी दोघांना १९७६ मध्ये दोषी ठरविण्यात आले व ते हल्ल्याच्या वेळी अल्स्टर डिफेन्स रेजिमेंटमध्ये होते. तिसरा तिचा माजी सैनिक होता. १९९८ च्या बेलफास्ट करारानंतर त्यांची सुटका झाली. मात्र संपूर्ण कट उघडकीस आला नाही, अशी मृतांच्या आप्तांची व वाचलेल्यांची भावना कायम राहिली. जुन्या हत्याप्रकरणांचा फेरआढावा घेणाऱ्या पोलीस पथकाने २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात एका संशयित निमलष्करी पुढाऱ्यास पोलिसांकडून आगाऊ सूचना मिळाल्याच्या दाव्याची नोंद घेतली आणि सुरक्षा यंत्रणांच्या संगनमताविषयी गंभीर प्रश्न उपस्थित केले. ब्रिटनचे संरक्षण मंत्रालय व उत्तर आयर्लंडचे पोलीस दल यांच्याविरुद्धच्या दिवाणी दाव्यांत डिसेंबर २०२१ मध्ये तडजोड होऊन सु. १५ लक्ष पौंड भरपाई मान्य करण्यात आली. तथापि प्रतिवादींनी दायित्व मान्य केले नाही. त्यामुळे नुकसानीची भरपाई झाली, तरी सत्यशोधनाचा प्रश्न न्यायालयात पूर्णतः निकालात निघाला नाही.

ऱ्हास : शोबँडयुगाचा अंत ह्या हत्याकांडामुळे झाला, असे अनेकदा म्हटले जाते, ते अंशतःच खरे आहे. ऱ्हासाची चिन्हे त्यापूर्वीच दिसू लागली होती. मद्यपरवाना असलेली हॉटेले व ‘डिस्कोथेक’ यांमुळे नृत्यगृहांचा प्रेक्षकवर्ग घटला. ध्वनिमुद्रिका वाजविणे वाद्यवृंदापेक्षा स्वस्त होते. स्वतंत्र रचना करणाऱ्या लहान चमूंकडे तरुणांचा ओढा वाढला. व्हॅन मॉरिसन व रॉरी गॅलेहर ह्या जागतिक कीर्तीच्या संगीतकारांनी उमेदवारी शोबँडमध्ये केली, परंतु दुसऱ्यांची गाणी वाजविण्याची चौकट सोडूनच ते पुढे गेले. हत्याकांडाचा प्रत्यक्ष परिणाम अधिक मर्यादित, पण अधिक खोल होता. दक्षिणेतील वाद्यवृंदांनी उत्तरेत जाणे बव्हंशी थांबविले आणि दोन्ही समाजांतील तरुण एकाच छताखाली जमण्याची जी थोडी स्थळे उरली होती, ती अनेक वर्षे ओस पडली. शोबँडांनी समेटाचा उपदेश कधी केला नव्हता. तरी त्यांच्या अभावानेच त्यांचे सामाजिक कार्य लक्षात आले. मायामी शोबँड १९७५ मध्येच पुन्हा उभा करण्यात आला, पण त्यास पूर्वीचे स्थान मिळाले नाही.

स्मृती : डब्लिनमधील पार्नेल चौकात, एका जुन्या नृत्यगृहासमोर, डिसेंबर २००७ मध्ये तिघा कलावंतांच्या स्मारकाचे अनावरण तत्कालीन पंतप्रधान बर्टी अहर्न यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी ट्रॅव्हर्स याने एका सहलेखकासह ह्या घटनेवरील पुस्तक प्रसिद्ध केले. हल्ला करणाऱ्या संघटनेच्या प्रतिनिधीशीही त्याने समक्ष संवाद साधला आणि पुढे हिंसाचारातील सर्व बाजूंच्या पीडितांना एकाच व्यासपीठावर आणण्याच्या कार्यास वाहून घेतले. २०१९ मध्ये ह्या प्रकरणावरील अनुबोधपट जगभर प्रदर्शित झाला. निरनिराळ्या समाजांतील माणसांना एकाच सभागृहात, एकाच वाद्यमेळाभोवती जमविणे हे जे काम शोबँडांनी सहजगत्या केले होते, तेच पुढे अशा प्रयत्नांना जाणीवपूर्वक करावे लागले.